लेखणीच्या कामाचे लॅटिन
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा आपल्यापैकी एका भगिनीने मला जिन्यातच गाठले आणि विचारले, "ताई, लॅटिन आमच्या काय कामाचं? त्यापेक्षा उन्हाळी वाळवणांवर बोला ना!" प्रश्न अगदी रास्त होता. पण कार्यवाह बाईंनी पत्रिका छापायला दिली होती आणि छापायला गेलेला मजकूर मागे घेणे किती कठीण असते, हे माझ्याइतके इथे कोणालाच ठाऊक नसेल. म्हणून आज वाळवणे राहू द्या. लॅटिनच जरा उन्हात घालू या.

आधी हे सांगते की, मी लॅटिनची पंडिता नव्हे. माझी उभी नोकरी एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली. त्या काळी शिशाचे खिळे एकेक वेचून जुळारी मजकूर जुळवीत, त्याचा ओला कागद आमच्या टेबलावर येई आणि आम्ही त्यावर लाल शाईने खुणा करीत असू. आमच्या खात्याचे प्रमुख वसईकडचे होते. लहानपणी ते पाद्र्यांच्या शाळेत शिकले होते आणि देवळातली लॅटिन प्रार्थना त्यांच्या कानांवरून इतकी गेली होती की, दुपारच्या डब्याच्या वेळी ते आम्हाला लोणच्याच्या फोडीबरोबर एखादे लॅटिन वचनही वाढीत. त्या डब्यातले जे काही माझ्या पदरी उरले, ते आज आपल्यापुढे ठेवते आहे. उच्चारांत चुका झाल्या तर सांभाळून घ्यावे. रोमन लोक एक तऱ्हेने बोलत, चर्चमध्ये दुसऱ्या तऱ्हेने म्हणतात आणि इंग्रजांनी तिसरीच तऱ्हा काढली. तेव्हा माझी चौथी खपून जायला हरकत नाही.

लॅटिन आपल्याला परके आहे, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे. आपल्या मंडळाची सभा लॅटिनवाचून भरतच नाही! सभेच्या आधी निघतो तो अजेंडा. त्याचा अर्थ 'करावयाच्या गोष्टी'. आपला अजेंडा वाचताना मला पुष्कळदा वाटते की, 'राहून गेलेल्या गोष्टी' असे त्याचे भाषांतर अधिक शोभेल. मग लागतो कोरम. या शब्दाचा अर्थ नुसता 'ज्यांच्यापैकी' एवढाच आहे. जुन्या काळी इंग्लंडात न्यायाधीशांच्या नेमणुकीची फर्माने लॅटिनमध्ये निघत आणि 'ज्यांच्यापैकी अमुक एक हजर असलाच पाहिजे' असे त्यांत लिहिलेले असे. त्यातला हा 'ज्यांच्यापैकी' पुढे सगळ्या जगाच्या सभांत जाऊन बसला. आपल्याकडे तो चहाचा वास आल्याखेरीज पुरा होत नाही, ही गोष्ट निराळी.

स्वयंपाकघरातसुद्धा लॅटिन आहेच. रेसिपी हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. लॅटिनमध्ये 'रेकिपे' म्हणजे 'घे' अशी आज्ञा. डॉक्टर चिठ्ठीच्या आरंभी शेपटीवर आडवी रेघ मारलेले जे इंग्रजी अक्षर काढतात, ते या 'घे'चेच लघुरूप. अमुक औषध घे, तमुक चूर्ण घे, असे ते सुरू होई. तोच 'घे' पुढे दवाखान्यातून चुलीपाशी आला आणि दोन वाट्या डाळ घे, चमचाभर हिंग घे, असे सांगू लागला. आणि मुंबईकर भगिनींना हेही सांगायला हवे की, इंग्रजी अमदानीत आपल्या शहराला 'उर्ब्स प्रीमा इन इंडिस' असे लॅटिन बिरुद होते. म्हणजे हिंदुस्थानातले पहिले नगर. पाण्याच्या वेळा तेव्हा कशा होत्या, याचा मात्र बिरुदात उल्लेख नाही.

याहून जवळचेही एक नाते आहे. सर विल्यम जोन्स नावाचे एक न्यायाधीश कलकत्त्यात होते. त्यांनी १७८४ साली तिथे एशियाटिक सोसायटी स्थापन केली आणि २ फेब्रुवारी १७८६ रोजी तिच्यापुढे भाषण करताना सांगितले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतके साम्य आहे की, त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असल्या पाहिजेत. हे भाषण सोसायटीच्या तिसऱ्या वर्षीचे वार्षिक भाषण होते बरे का! तेव्हा वर्धापनदिनाच्या भाषणात काही अर्थ नसतो, असे यापुढे कोणी म्हणू नये. आपली 'मातृ' ती त्यांची 'मातेर', आपला 'अग्नी' तो त्यांचा 'इग्निस', आपले 'सप्त' ते त्यांचे 'सेप्तेम', आपला 'देव' तो त्यांचा 'देउस'. म्हणजे लॅटिन ही आपली लांबची मावसबहीणच म्हणायची. कार्याला बोलावली नाही तरी नाते तुटत नाही.

आता लिहिणाऱ्यांच्या कामाची वचने घेऊ. स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपण सगळ्या जणी म्हणतो, "सुरुवात कुठून करू, तेच सुचत नाही." यावर रोमन कवी होरेस याने इसवी सनापूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. तो म्हणतो, होमर किती शहाणा! ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट सांगताना तो 'अब ओवो', म्हणजे अंड्यापासून, सुरुवात करीत नाही. ज्या हेलनपायी युद्ध झाले, ती अंड्यातून जन्मली अशी ग्रीकांची कथा आहे. त्या अंड्यापर्यंत तो मागे जात नाही. तो वाचकाला एकदम 'इन मेदियास रेस', म्हणजे गोष्टीच्या ऐन मध्यावर, नेऊन सोडतो. युद्धाचे दहावे वर्ष चालू आहे आणि दोन वीर हमरीतुमरीवर आले आहेत, तिथेच काव्याला आरंभ होतो. आपल्याकडे मात्र दुधाच्या पिशवीतून दूध गळाले, एवढे सांगायचे असले तरी आपण दूधवाल्याच्या लग्नापासून सुरुवात करतो. तेव्हा भगिनींनो, लेख लिहून झाला की त्याचे पहिले पान हाताने झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहा. पुष्कळदा असे आढळते की, लेख तिथेच सुरू होतो आणि पहिल्या पानावर नुसते अंडे असते.

शेवटासाठीही एक वचन आहे, 'देउस एक्स माखिना', म्हणजे यंत्रातला देव. ग्रीक नाटकांत पेच सुटेनासा झाला की, उंच यारीच्या दोरावरून देव रंगभूमीवर उतरवीत आणि तो सगळा निकाल लावून टाकी. होरेसला हे पसंत नव्हते. गाठ खरोखरच देवाने सोडवावी अशी असल्यावाचून देवाला तसदी देऊ नये, असे त्याने बजावले आहे. आपल्या हस्तलिखित मासिकातल्या कथांत मात्र सून शेवटच्या परिच्छेदात अचानक शहाणी होते, नाहीतर सासूला तरी स्वप्न पडते. या दोघींना यारीवरून खाली उतरवण्यापूर्वी आपण जरा थांबावे.

थांबण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. याच होरेसने लिहिणाऱ्यांना सल्ला दिला आहे की, लेखन नऊ वर्षे घरात ठेवावे. कारण बाहेर न गेलेले खोडता येते, एकदा सुटलेला शब्द परत येत नाही. नऊ वर्षे! आपल्या स्मरणिकेच्या संपादिका तर आपल्याला नऊ दिवस देतात आणि दहाव्या दिवशी दारात उभ्या राहतात. तरी लोणचे मुरू द्यावे तसा लेख चार दिवस फडताळात मुरू द्यावा, एवढे तरी या सल्ल्यातून घेता येईल. सम्राट ऑगस्टसलाही असेच एक वचन प्रिय होते, 'फेस्तिना लेंते', सावकाश घाई कर. पुढे व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस या नामांकित मुद्रकाने नांगराला वेढून बसलेला डॉल्फिन मासा हे आपल्या छापखान्याचे चिन्ह केले आणि ते या वचनाचे चित्र मानले गेले. मासा चपळ, नांगर जड. आमच्या छापखान्यात मासा म्हणजे मालक आणि नांगर म्हणजे आम्ही मुद्रितशोधक!

एवढे सांभाळूनही चूक व्हायची ती होतेच. हातून लिहिताना झालेल्या चुकीला लॅटिनमध्ये 'लाप्सुस कालामी' म्हणतात, म्हणजे कलम घसरले. हा 'कालामुस' आणि आपले 'कलम' एकाच बोरूच्या बनातले आहेत. ग्रीकांचा बोरू तो 'कालामोस'; त्यावरून लॅटिनने शब्द घेतला, अरबांनीही घेतला आणि अरबी-फारसीच्या वाटेने तो आपल्या पत्रांत आला. पत्र संपल्यावर आपण 'ता.क.' लिहितो, म्हणजे ताजा कलम. लॅटिनमध्ये त्याला 'पोस्त स्क्रिप्तुम' म्हणतात, मागून लिहिलेले. माहेरी लिहिलेल्या पत्रांत सगळा खुशालीचा मजकूर वर असे आणि खरे दुखणे ता.क.मध्ये असे, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल.

कलम घसरते त्याहून जास्त खिळा घसरतो. त्याला आपल्याकडे मुद्राराक्षस म्हणतात. एका संस्थेच्या अहवालात 'शेवटी आभारप्रदर्शन झाले' असे वाक्य होते. माझ्या डोळ्यांदेखत ते 'आहारप्रदर्शन' होऊन छापले गेले आणि मी कपाळाला हात लावला. संस्थेच्या कार्यवाहांपुढे शुद्धिपत्राचा कागद घेऊन उभी राहिले. लॅटिनमध्ये शुद्धिपत्राला 'एराता' म्हणतात. ते गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, राहू द्या. त्या दिवशी बटाटेवडे ज्या वेगाने संपले, ते पाहता तुमचा खिळाच खरं बोलला."

रोज लिहावे की नाही, याबद्दलही एक वचन आहे, 'नुला दिएस सिने लिनेआ', रेघेवाचून दिवस जाऊ नये. हे मूळचे लेखकाचे नव्हे, चित्रकाराचे. अपेलिस हा अलेक्झांडरच्या काळचा ग्रीक चित्रकार. कितीही काम असले तरी एखादी रेघ ओढल्यावाचून तो दिवस मावळू देत नसे, असे रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवले आहे. याच प्लिनीने त्याची आणखी एक गोष्ट दिली आहे. अपेलिस आपले चित्र रस्त्याकडेला ठेवून मागे लपून बसे आणि येणारेजाणारे काय बोलतात ते ऐके. एका चांभाराने चित्रातल्या वहाणेत चूक काढली. अपेलिसने ती मुकाट्याने सुधारली. दुसऱ्या दिवशी तो चांभार खुशीत येऊन पायाच्या पोटरीलाही नावे ठेवू लागला. तेव्हा अपेलिसने चित्राआडून डोके काढले आणि सांगितले की, बाबा, वहाणेच्या वर जाऊ नकोस. लोक या गोष्टीतला दुसरा दिवस ध्यानात ठेवतात. मला पहिला दिवस मोठा वाटतो. राजाच्या पदरचा चित्रकार, पण ज्याला वहाण कळते त्याचे त्याने ऐकले.

आता शेवटचे दोन शब्द. हे अगदी लहान आहेत आणि दोन्ही आमच्या धंद्यातले आहेत. पहिला 'सिक' आणि दुसरा 'स्टेट'.

'सिक' म्हणजे 'असेच'. दुसऱ्याचे लिखाण उतरवून घेताना त्यात चूक दिसली, तर चुकीपुढे कंसात 'सिक' घालायचे. म्हणजे वाचकाला कळते की चूक त्या मूळ लेखकाची, माझी नव्हे. मोठा साळसूद शब्द आहे हा. दिसायला नम्र, पण बोलायला टोमणा. पंगतीत जावेने केलेली आमटी वाढताना आपण मोठ्याने म्हणतो ना, "आज आमटी धाकटीनं केलीय हं!" तो 'हं' म्हणजे 'सिक'.

'स्टेट' याच्या अगदी उलट. त्याचा अर्थ 'राहो', 'तसेच असू दे'. संस्कृतातल्या 'तिष्ठतु'चा तो सख्खा भाऊ. मुद्रित तपासताना एखादा शब्द आपण खोडला आणि मागून ध्यानात आले की मूळचाच बरोबर होता, तर त्या शब्दाखाली टिंबे द्यायची आणि समासात 'स्टेट' लिहायचे. की जुळाऱ्याने समजावे, खोडणाऱ्याचे चुकले, शब्द होता तसा ठेवावा. माझ्या नोकरीत मी 'सिक' पुष्कळ लिहिले आणि त्याचे मला कधी काही वाटले नाही. 'स्टेट' लिहिताना मात्र प्रत्येक वेळी हात जड होई. पण ज्या वेळी तो सर्वांत जड झाला, ती वेळ या मंडळातली आहे आणि तीच सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या एका स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे होते. आपल्या चाळीत राहणाऱ्या एका मावशींनी त्यात लेख दिला. यजमान गेल्यावर भाजीची पाटी डोक्यावर घेऊन त्यांनी तीन मुले कशी वाढवली, त्याची ती हकीकत होती. मुलांच्या जुन्या वहीतली आठ पाने, पेन्सिलीने लिहिलेली. जुळाऱ्याने ती जशीच्या तशी जुळवली आणि मुद्रित माझ्याकडे आले. मी लाल शाई घेऊन बसले. त्यांनी लिहिले होते, 'दिस कलला की मी पाटी डोईवर घिऊन निघायची.' मी केले, 'सायंकाळ झाली की मी टोपली डोक्यावर घेऊन निघत असे.' त्यांनी लिहिले होते, 'पोरं उपाशी निजली तवा मी दिव्याकडं बगत बसली.' मी केले, 'मुले उपाशीपोटी झोपली तेव्हा मला अतिशय दुःख झाले.' आठ पाने मी अशी चोख करून टाकली आणि मला फार बरे वाटले. स्मरणिका देणगीदारांच्या घरी जाणार, मान्यवर वाचणार. आपल्या मावशींना कोणी हसू नये, असा माझा हेतू होता. हेतू चांगला होता, हे मी आजही सांगेन.

मावशींची दृष्टी तेव्हा मंद झाली होती, म्हणून छापायला देण्याआधी मी त्यांच्या खोलीत जाऊन सुधारलेला लेख वाचून दाखवला. त्या लसूण सोलीत बसल्या होत्या. वाचायला लागल्यावर त्यांचे हात थांबले. शेवटपर्यंत त्यांनी मन लावून ऐकले आणि म्हणाल्या, "लई ग्वाड लिवलंय, ताई. कुणाचं हाय?"

भगिनींनो, त्यात टोमणा नव्हता. त्या खरोखरच विचारीत होत्या.

मी घरी आले. रात्री तो कागद पुन्हा पुढ्यात घेतला. 'दिस कलला' या दोन शब्दांवरची माझी लाल रेघ पाहिली आणि मला आमच्या साहेबांचे 'नुला दिएस' आठवले. लॅटिनमधला 'दिएस', संस्कृतातला 'दिवस' आणि मावशींचा 'दिस' ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. रोमन माणसाचा 'दिएस' मी मोठ्या कौतुकाने पाठ केला होता आणि शेजारच्या खोलीतला 'दिस' अशुद्ध म्हणून खोडला होता. दिव्याकडे बघत बसलेल्या बाईला मी 'अतिशय दुःख' देऊन टाकले होते आणि तिचा दिवा काढून घेतला होता. वहाणेची चूक काढायला गेलेला चांभार परवडला. मी तर माणसाचे पायच बदलले होते.

एक वाट अशी होती की, मावशींची भाषा ठेवावी आणि वर टीप द्यावी, 'मूळ लेखनाप्रमाणे'. ते 'सिक' झाले असते. मी ते केले नाही. आठही पानांवर, माझ्या प्रत्येक दुरुस्तीखाली, मी टिंबे दिली आणि समासात 'स्टेट', 'स्टेट', 'स्टेट' असे लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी आमचा जुळारी तो कागद पाहून म्हणाला, "बाई, काल तुम्ही एवढी मेहनत कशापायी घेतली?" मी त्याला म्हटले, "शिकण्यापायी."

लेख मावशींच्या शब्दांत छापला गेला. कोणी हसले नाही. उलट एका देणगीदार बाईंनी निरोप पाठवला की, आम्ही सगळी स्मरणिका चाळली आणि एकच लेख वाचला. मावशी आता आपल्यात नाहीत. ती जुनी स्मरणिका ज्यांच्या घरी असेल, त्यांनी तो लेख काढून लेकीसुनांना जरूर वाचून दाखवावा.

आता समारोप करते. लॅटिनमधला सर्वांत प्रसिद्ध शब्द मी मुद्दामच वगळला होता, तो म्हणजे 'एत सेतेरा'. 'आणि उरलेल्या.' आपण 'इ.' किंवा 'इत्यादी' लिहितो तेच. आपल्या अहवालात दर वर्षी येते, 'सौ. अमुक, सौ. तमुक इत्यादी भगिनींनी परिश्रम घेतले.' पहिल्या दोघी व्यासपीठावर असतात आणि वडे तळायला सकाळी सहापासून जी उभी असते ती या 'इत्यादी'त असते. माझी कार्यवाह बाईंना आणि संपादिकेला हात जोडून विनंती आहे की, यंदाच्या स्मरणिकेतून हा एक लॅटिन पाहुणा काढून टाकावा आणि सगळ्यांची नावे छापावी. दोन पाने जास्त लागली तर त्यांचा खर्च मी देईन.

आणि आपल्याला विनंती अशी की, रोज एक ओळ लिहा. वहीत लिहा, नाहीतर दिनदर्शिकेच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा, पण आपल्या घरी बोलता त्या भाषेत लिहा. पुढच्या वर्षी ती ओळ आपल्या संपादिकेकडे येऊ द्या. तिने लाल शाई उचललीच, तर तिला सांगा, लॅटिनमध्ये सांगा म्हणजे ती दबून राहील: स्टेट!

 खाली चहा तयार झाल्याचा वास येतो आहे. तेव्हा आहारप्रदर्शनाला उशीर न करता मी आपली रजा घेते.